दरिद्री मनुष्याचा न्याय करण्यापूर्वी

योहानकृत शुभवर्तमानाच्या नवव्या अध्यायात एका जन्मांध मनुष्याची हकीकत आली आहे. त्यास पाहताच शिष्यांच्या मनात पहिली शंका उठली ती पापाविषयी : ह्याचे आंधळेपण हे ह्याच्या स्वतःच्या पापाचे फळ, की ह्याच्या आईबापांच्या? प्रभूने त्या प्रश्नाचे दोन्ही पर्याय बाजूस सारिले आणि तो त्या मनुष्याच्या डोळ्यांकडे वळला. आज आपल्या मंडळ्यांत आंधळ्याविषयी असा प्रश्न सहसा कोणी करीत नाही. परंतु कर्जात बुडालेल्या मनुष्याविषयी तो वारंवार होतो. एखाद्या भावाचे शेत सावकाराकडे गेले, एखादी बहीण मुलाबाळांसह ऊसतोडीस निघून गेली, की पंचांच्या बैठकीत आणि उपासनेनंतर मंदिराच्या ओट्यावर बोलणे निघते : खर्च आवरला नाही, ऋण काढून सण केला, दारू सुटली नाही, अंग मोडून काम केले नाही. प्रश्न शिष्यांचाच आहे. आंधळ्याच्या जागी कर्जदार बसविला इतकेच.

प्रिय बंधुभगिनींनो, माझे म्हणणे थोडक्यात असे आहे. दरिद्री मनुष्याच्या वर्तनाचा न्याय करण्यापूर्वी, ज्या व्यवहारात तो बांधला गेला आहे तो व्यवहार समजून घेणे हा न्यायाचाच एक भाग आहे. जो तो समजून न घेता निकाल देतो, तो शेजाऱ्याविरुद्ध खोटी साक्ष न देण्याची आज्ञा मोडण्याच्या अगदी जवळ जाऊन पोहोचतो. व्यवहार समजून घेण्याची साधने अर्थशास्त्र, समाजशास्त्र व इतिहास ह्या विद्यांत आहेत. त्यांची नावे जड वाटतात, परंतु त्यांतील मुख्य कल्पना चार साध्या प्रश्नांत सांगता येतात, आणि ते प्रश्न कोणत्याही खेड्यातील उपदेशकास विचारता येतील.

येथे कोणी म्हणेल की, ह्या जगिक विद्या आहेत. पाळकाने शास्त्र सांगावे, बाजार सांगू नये. ह्यास पवित्र शास्त्रच उत्तर देते. नहेम्याच्या पुस्तकाचा पाचवा अध्याय उघडून पाहा. यरुशलेमेचा कोट बांधला जात असता लोकांचा मोठा आक्रोश त्याच्या कानी आला. त्या आक्रोशात त्याला तीन निरनिराळ्या तक्रारी ऐकू आल्या. कित्येकांची कुटुंबे मोठी होती व त्यांस पुरेसे धान्य नव्हते. कित्येकांनी दुष्काळात धान्यासाठी शेते, द्राक्षमळे व घरे गहाण टाकिली होती. कित्येकांनी राजाचा कर भरण्यासाठी पैसे उसने घेतले होते, आणि आता त्यांचे मुलगे व मुली दास होत चालल्या होत्या. म्हणजे कर्ज एक, परंतु कारणे तीन : कुटुंबाचा भार, दुष्काळ आणि कर. नहेम्याला फार राग आला. तरी त्याने आधी मनाशी विचार केला, मग सभा बोलाविली, आणि कर्जदारांस उधळेपणाबद्दल बोध न करिता धनकोंस शेते व व्याज परत करावयास लाविले. विशेष हे की, आपण व आपले भाऊबंदही पैसे व धान्य उसने देत होतो, हे त्याने त्याच सभेत उघड सांगितले. कारणे वेगळी करणे, व्यवहार कसा चालतो हे पाहणे, आणि आपण स्वतः त्यात कोठे उभे आहोत हे ओळखणे, ही ह्या विद्यांची रीत. ती नहेम्याने देवाचे भय धरून आचरिली.

आता पहिला प्रश्न : वही कोणाच्या हाती आहे?

ह्या प्रश्नाचे महत्त्व आपल्याच मुलखाच्या इतिहासात लिहिलेले आहे. तारीख 12 मे 1875 रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे बाजाराच्या दिवशी लोकांनी सावकारांच्या घरांवर व दुकानांवर हल्ला केला, आणि तो वणवा पुणे व अहमदनगर ह्या जिल्ह्यांतील पुष्कळ गावी पसरला. ह्या दंग्यांत जिवास अपाय फारसा झाला नाही. लोकांना हवे होते ते रोखे, गहाणखते व हुकूमनामे. ते मिळाले की जाळावयाचे. कागदांवर हा राग का?

त्याचे कारण मागच्या पंधरा-सोळा वर्षांत आहे. अमेरिकेत 1861 पासून 1865 पर्यंत यादवी युद्ध चालले, तेव्हा तिकडील कापूस विलायतेस जाणे बंद पडले आणि हिंदुस्थानातील कापसाचे भाव आकाशास भिडले. मुंबई इलाख्यात पैसा खेळू लागला आणि सावकारांनी सैल हाताने कर्जे दिली. युद्ध संपले, भाव कोसळले, आणि त्याच सुमारास जमिनीची नवी जमाबंदी होऊन कित्येक तालुक्यांत सारा पुष्कळ वाढला. सारा रोख भरावयाचा. पीक बुडो की भाव पडो, सरकारी हप्ता ठरलेला. सावकारही मग हात आखडू लागला आणि जुन्या बाकीचा तगादा करू लागला. ह्यांत भर पडली ती कायद्याची. 1859 साली मुदतीचा कायदा झाला. साध्या रोख्यावर तीन वर्षांनंतर दावा चालू नये, म्हणजे रयतेच्या डोक्यावर व्याजाचा डोंगर साचणार नाही, असा त्याचा हेतू. घडले उलटे. दर तीन वर्षांनी सावकार नवा रोखा लिहून घेऊ लागला आणि जुने व्याज नव्या मुद्दलात मिळवू लागला. निरक्षर कुणब्याने अंगठा उठविला, परंतु त्याने काय कबूल केले हे त्यास वाचता येत नव्हते. पुढे कोर्टात तोच कागद सत्य ठरला, आणि पुष्कळ कुणबी तर कोर्टात हजरच राहिले नाहीत. निकाल एकतर्फी झाले.

अर्थशास्त्री ह्यास माहितीची विषमता म्हणतात. सौद्यातील दोन पक्षांपैकी एकास हिशेब ठाऊक आहे, दुसऱ्यास नाही. तेव्हा सौदा दिसावयास राजीखुशीचा असला तरी तो बरोबरीचा नसतो. दंग्यांनंतर सरकारने चौकशी कमिशन नेमिले, आणि 1879 साली दख्खनच्या शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा झाला. त्यात कोर्टास अशी मुभा मिळाली की, नुसता रोखा पाहून न थांबता त्या कर्जाचा मूळपासूनचा इतिहास तपासावा. वाचकहो, हा शब्द ध्यानात ठेवा : कर्जाचा इतिहास तपासावा. जे कोर्टाने करावे असे कायद्याने 1879 साली ठरविले, ते मंडळीच्या पंचांनी अद्याप करू नये काय? त्या कायद्यानेही दुःख संपले नाही. कित्येक सावकार गहाणखताऐवजी सरळ विक्रीखतच लिहून घेऊ लागले. कायदा एक दार लावितो, व्यवहार दुसरे शोधितो. ज्यास लिहिता वाचता येते त्याच्याच हाती वही राहते, ही गोष्ट जोतीराव फुले ह्यांनी फार लवकर ओळखिली होती. ते स्वतः पुण्यातील स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले, आणि 1883 सालच्या ‘शेतकऱ्याचा असूड’ ह्या ग्रंथात त्यांनी अविद्येपासून दारिद्र्यापर्यंतची साखळी दाखविली. आपल्या मंडळ्यांनी आरंभापासून शाळा काढिल्या त्या बायबल वाचण्यासाठी. परंतु जो बायबल वाचू शकतो तो रोखाही वाचू शकतो, हे त्याच शाळांचे दुसरे फळ आहे.

दुसरा प्रश्न : भाव कोण ठरवितो?

आपण म्हणतो, बाजारात ज्वारीचा भाव अमुक आहे. जणू तो पावसासारखा वरून पडतो. पुस्तकांतून सांगतात की, माल किती व गिऱ्हाईक किती ह्यावरून भाव ठरतो. हे खोटे नाही, परंतु अपुरे आहे. जुन्या बाजारांत दलाल व व्यापारी रुमालाखाली बोटे धरून सौदा करीत. ज्याचा माल तो शेतकरी समोर उभा असून त्यास भाव कळत नसे. वर तोलाई, हमाली, धर्मादाय अशा कपाती होत. ह्यावर उपाय म्हणून वऱ्हाडात 1897 साली कापूस व धान्य बाजारांचा कायदा झाला आणि मुंबई इलाख्यात 1939 साली शेतमालाच्या बाजारांचा. बाजार समिती, उघडा लिलाव, प्रमाणित वजने ही मनुष्यांनी प्रयत्नपूर्वक घातलेल्या नियमांची फळे आहेत. बाजार हा नियमांनी बनतो आणि नियम मनुष्ये करितात. म्हणून ते न्यायाचे असू शकतात किंवा अन्यायाचे. संदेष्टा आमोस ह्याने लहान मापे व खोटे काटे ह्यांविषयी इतके कडक भाषण केले, ते ह्याच कारणास्तव.

ह्या प्रश्नाचा आणखी एक पदर आहे. खेड्यात पुष्कळदा कर्ज देणारा, बी देणारा, मालाचा खरेदीदार आणि किराणा विकणारा एकच मनुष्य असतो. ज्याचे त्याच्याकडे देणे आहे त्याने पीक दुसरीकडे नेले तर पुढच्या पेरणीस बी मिळणार नाही. तेव्हा त्यास दोन रुपये कमी भावाने माल घालावा लागतो. आणि हे दोन रुपये व्याजाच्या खात्यात कोठेही दिसत नाहीत. विद्वान ह्यास गुंतलेले व्यवहार म्हणतात. व्याज किती, असे विचारून आपण समाधान मानितो; परंतु खरे व्याज कधी भावात, कधी वजनात, कधी फुकट केलेल्या राबणुकीत लपलेले असते.

तिसरा प्रश्न : जोखीम कोणावर आहे?

पुण्याच्या शेतकी कॉलेजचे प्रिन्सिपॉल हॅरॉल्ड मान ह्यांनी पुण्याजवळच्या पिंपळे सौदागर ह्या गावाची घरोघर पाहणी करून 1917 साली तिचा वृत्तांत प्रसिद्ध केला. ते गाव आता पिंपरी-चिंचवड शहरात मिळून गेले आहे. मान ह्यांना दिसले की, 1771 साली तेथील जमिनीची सरासरी धारणा 40 एकर होती, ती त्यांच्या काळी 7 एकरांवर आली होती. आणि बहुतेक कुटुंबांचे पोट केवळ स्वतःच्या जमिनीवर, साधारण बऱ्या वर्षीदेखील, भरणे शक्य नव्हते. ह्याचा अर्थ नीट समजून घ्यावा. एखादे घर व्यसनी असेल तर त्याचे दारिद्र्य आपण त्याच्या व्यसनास लावू. परंतु गावातील बहुतेक घरे तुटीत असतील, तर सगळे गाव उधळे होते असे म्हणणे शहाणपणाचे नाही. एकाचे दुःख असेल तर त्याच्याकडे पाहावे. अनेकांचे तेच दुःख असेल तर त्या सर्वांवरून जी वाट गेली आहे तिच्याकडे पाहावे. समाजशास्त्राची पहिली शिकवण हीच.

1918 साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर ह्यांनी लहान धारणांच्या प्रश्नावर निबंध लिहिला आणि दाखविले की, नुसते तुकडे एकत्र जोडून भागणार नाही. जमिनीवर अवलंबून असलेल्या माणसांची गर्दी हे मूळ दुखणे आहे, आणि त्या माणसांस उद्योगधंद्यांत काम मिळाल्यावाचून शेती सुधारणार नाही. द्राक्षमळ्याच्या दृष्टांतात दिवस कलताना जी माणसे बाजारात रिकामी उभी होती, त्यांना धन्याने कारण विचारिले. त्यांनी सांगितले की, आपणांस कोणी बोलाविलेच नाही. धन्याने ते कारण खरे मानिले आणि त्यांस आळशी म्हटले नाही. काम नसणे आणि काम टाळणे ह्यांतील भेद त्या दृष्टांतात स्पष्ट आहे, आणि तो आपण पुष्कळदा विसरतो.

लहान शेतकऱ्याची स्थिती अशी की, पावसाची जोखीम त्याची, किडीची त्याची, भावाची त्याची; परंतु सारा, हप्ता व व्याज ठरलेले. 2019 सालच्या राष्ट्रीय नमुना पाहणीत देशातील शेतकरी कुटुंबांपैकी शेकडा 50.2 कर्जात असल्याचे आढळले, आणि दर शेतकरी कुटुंबामागे येणे असलेले कर्ज सरासरी 74,121 रुपये होते. अर्धी कुटुंबे! त्यांतले कर्ज सगळेच वाईट नव्हे. विहीर खणण्यास, बैल घेण्यास काढलेले कर्ज घरास वर काढू शकते. म्हणून कर्ज आहे की नाही एवढेच न पाहता, वर्ष बुडाले तर कोणाचे बुडते, हे पाहावे.

चौथा प्रश्न : नाही म्हणण्याची मुभा कोणाला आहे?

आपल्यातील पुष्कळांचे पूर्वज गावगाड्याच्या वेशीबाहेर राहत असत. त्र्यंबक नारायण आत्रे ह्यांनी 1915 साली ‘गावगाडा’ ह्या ग्रंथात बलुत्याची सगळी रचना लिहून ठेविली. सुतार, लोहार, चांभार, महार, मांग, प्रत्येकाचे काम ठरलेले आणि सुगीला धान्याचा वाटा ठरलेला. उत्तर हिंदुस्थानात विल्यम वायझर नावाचे अमेरिकन मिशनरी राहत होते. त्यांनी 1936 साली तिकडील अशाच पद्धतीवर पुस्तक लिहिले आणि गावातील सर्व जाती एकमेकांची सेवा करितात असे तिचे चित्र रेखाटिले. तो अभ्यास प्रामाणिक होता, आणि मिशनरी असूनही त्यांनी उपदेशाआधी गावाचा व्यवहार समजून घेतला हे स्तुत्य होय. तथापि पुढे 1959 साली थॉमस बायडेलमन ह्यांनी त्याच पद्धतीवर लिहिताना निराळा प्रश्न केला : ह्या देवघेवीत जमीन कोणाच्या ताब्यात आहे, आणि सेवा नाकारिली तर कोणाचे काय जाते? जमीनवाल्याने बलुते थांबविले तर बलुतेदार उपाशी राहतो. बलुतेदाराने काम थांबविले तर जमीनवाल्याची थोडी गैरसोय होते. देवघेव दोघांची, परंतु नाही म्हणण्याचे बळ एकाचे. ह्या बळास सौदाशक्ती म्हणतात.

महार वतनाची गोष्ट ह्याहून कडू. वतनाच्या तुटपुंज्या जमिनीच्या मोबदल्यात रात्री-अपरात्री सरकारचे व गावचे काम करावयाचे, आणि वतन सोडावे तर पोट कोठे भरावे? डॉ. आंबेडकरांनी 1928 साली मुंबईच्या कायदेमंडळात ह्या वतनाच्या सुधारणेचे बिल आणिले; ही कनिष्ठ वतने कायद्याने रद्द झाली ती 1958 साली. जाती ही कामाची वाटणी नसून काम करणाऱ्यांचीच वाटणी आहे, असे त्यांनी 1936 साली ठासून मांडिले. हा अर्थशास्त्राचा विचार आहे आणि नीतिशास्त्राचाही. कारण ज्यास धंदा निवडता येत नाही त्याच्या मजुरीचा भाव बाजार ठरवीत नाही, त्याचा जन्म ठरवितो. आपल्या वडीलधाऱ्यांपैकी ज्यांनी मेलेली गुरे ओढण्याचे नाकारून बलुते गमाविले, त्यांनी नाही म्हणण्याची किंमत स्वतःच्या भाकरीने भरिली. त्यांच्या त्या वेळच्या उपासमारीस कोणी आळसाचे नाव दिले असते तर आपणांस काय वाटले असते?

वतन गेले, परंतु प्रश्न राहिला. बीड व आसपासच्या जिल्ह्यांतून दरवर्षी ऊसतोडीची कुटुंबे साखर कारखान्यांकडे जातात. मुकादम निघण्यापूर्वी उचल देतो. नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. तोडलेल्या उसाच्या टनांवर मजुरी मोजतात आणि उचल फिटेपर्यंत ती तीतून वळती होते. हंगामात फिटली नाही तर बाकी पुढच्या वर्षावर. आजारपण आले, दिवस भरत आले, मुलाची शाळा बुडाली, तरी कोयता खाली ठेवणे अवघड. कारण मजुरी आधीच खाऊन झालेली असते. उचल हे कर्जही आहे आणि चाकरीचे बंधनही. तिचा हिशेब पाहताना वरचे चारही प्रश्न एकदम उभे राहतात : वही मुकादमाची, दर दुसऱ्यांनी ठरविलेला, जोखीम मजुराची, आणि नाही म्हणण्याची मुभा जवळजवळ कोणालाच नाही. मुकादमावरही कारखान्याच्या पैशाचा बोजा असतो. म्हणून ह्या प्रश्नांचा हेतू एक दुष्ट मनुष्य शोधून त्यावर दगड मारणे हा नव्हे. 1875 सालच्या सावकारांतही कित्येक लहान सावकार मोठ्या पेढीचे ऋणी होते.

मग आपण प्रॉटेस्टंट लोक कर्जदाराला दोष देण्यास इतके तत्पर का असतो? जर्मन पंडित माक्स वेबर ह्यांनी 1904 व 1905 साली ह्याविषयी विचार करावयास लावणारा प्रबंध लिहिला. त्यांचे म्हणणे असे की, काही प्रॉटेस्टंट पंथांत नेमाने काम करणे, काटकसरीने राहणे व त्यातून भरभराट होणे ह्यांस देवाच्या निवडीची खूण मानण्याकडे लोकांचे मन झुकले, आणि ती वृत्ती पुढे भांडवली व्यवहारास पोषक झाली. त्यांच्या मतावर पुष्कळ वाद झाला आहे. परंतु इशारा घेण्याजोगा आहे. काटकसर हा सद्गुण खरा. पण भरभराट ही कृपेची खूण असे एकदा ठरले की, दारिद्र्य ही शापाची खूण ठरावयास वेळ लागत नाही. आणि मग ज्याने आमच्याकरिता दरिद्री होणे पत्करिले, त्या प्रभूस आपण आपल्या मंडळीच्या दाराबाहेर उभे करितो.

आता एक आक्षेप आहे आणि तो हलका नाही. सगळा दोष व्यवस्थेवर टाकिला तर पश्चात्ताप कशाचा करावयाचा? दारूडा म्हणेल, माझी धारणा लहान आहे. आळशी म्हणेल, बाजार अन्यायी आहे. हा धोका खरा आहे आणि मी तो नाकारीत नाही. दारूच्या गुत्त्यावर गेलेला पैसा गुत्त्यावरच गेला. तथापि दोन गोष्टी ध्यानात घ्याव्या. पहिली अशी की, व्यवस्था समजल्याने जबाबदारी नाहीशी होत नाही, ती योग्य माणसांत वाटली जाते. कर्जदाराच्या वाट्यास दारू सोडण्याची जबाबदारी येते. खरेदीदाराच्या वाट्यास खऱ्या मापाची. शिकलेल्याच्या वाट्यास वही वाचून दाखविण्याची. मंडळीच्या वाट्यास बुडत्यास हात देण्याची. जक्कयाने पश्चात्ताप केला तेव्हा तो अश्रूंवर थांबला नाही. ज्या व्यवहाराने लोक नाडले गेले होते तोच त्याने चौपटीने उलटा फिरविला. दुसरी गोष्ट अशी की, ज्यास सुटण्याची वाट दिसते त्यास पश्चात्ताप करणे सोपे जाते. सुटकेची आशा नसलेल्या मनुष्यास काटकसरीचा उपदेश म्हणजे बुडत्यास पोहण्याचे नियम वाचून दाखविणे होय.

वाट निघू शकते, ह्याचेही उदाहरण आहे. जर्मनीतील फ्रीड्रिख विल्हेल्म रायफायझेन हा खेड्यांचा कारभारी व श्रद्धावान प्रॉटेस्टंट होता. 1846-47 च्या दुष्काळात त्याने गरिबांस भाकरी पुरविण्याची मंडळी काढिली, आणि 1864 साली हेडेसडॉर्फ येथे शेतकऱ्यांची पतपेढी काढिली. तीत तारण म्हणजे एकमेकांची ओळख व सर्वांची सामाईक जबाबदारी. गरिबाजवळ सोने नसते, परंतु शेजाऱ्यांस त्याची चाल ठाऊक असते. ह्या विश्वासास आता सामाजिक भांडवल असे नाव दिले आहे. त्या धर्तीवर हिंदुस्थानात 1904 साली सहकारी पतपेढ्यांचा कायदा झाला. परंतु 1951-52 साली रिझर्व्ह बँकेने केलेल्या ग्रामीण पतपाहणीत काय दिसले? शेतकऱ्यांच्या एकंदर कर्जापैकी सहकारी संस्थांनी दिलेले शेकडा सुमारे 3, आणि सावकारांचे शेकडा सुमारे 70. अर्धशतक गेले तरी पेढी दुर्बळापर्यंत पोहोचली नव्हती. कागदावर सर्व सभासद सारखे. परंतु गावात जे सारखे नाहीत ते पेढीतही सारखे होत नाहीत. पुढे 1992 साली नाबार्डने बचत गटांस बँकांशी जोडण्याचा आरंभ केला तो 500 गटांपासून. त्यातून पुष्कळ भगिनींच्या हाती प्रथमच स्वतःची वही आली. पण तेथेही गटाची वही कोण लिहितो, हे विचारीत राहिले पाहिजे. संस्था चांगली असून भागत नाही. चारही प्रश्न तिलाही विचारावे लागतात.

आणि मंडळी हीही संस्थाच आहे. तिच्या वर्गणीची वही कोणाच्या हाती आहे? पंचांच्या बैठकीत भूमिहीन सभासदास नाही म्हणण्याची मुभा आहे काय? मंडळीतील जो भाऊ व्याजाने पैसे लावितो तो पहिल्या बाकावर बसतो, आणि जो त्याचा ऋणी आहे तो लाजेने उपासनेस येत नाही, असे असेल तर न्यायाचा आरंभ देवाच्या घरापासून व्हावा हे शास्त्रवचन आपल्यासाठीच आहे. नहेम्याने आपले नाव वगळिले नाही. आपणही वगळू नये.

तेव्हा उपदेशक बंधूंस माझी विनंती अशी आहे. पुढच्या वेळी एखाद्या कर्जदार कुटुंबाविषयी पंचांत बोलणे निघाले, तर निकालापूर्वी कोणीतरी त्या घरी जाऊन कर्जाचा इतिहास ऐकावा : पहिला रुपया केव्हा व कशासाठी घेतला, कागदावर काय लिहिले, माल कोणास घातला, कोणते वर्ष बुडाले. ज्यास वाचता येते त्याने सहीपूर्वी कागद मोठ्याने वाचून दाखवावा, आणि उचल घेताना एक साक्षीदार मंडळीचा असावा. लग्नाच्या खर्चाचा बोध करावयाचा तर तो आधी श्रीमंतांच्या घरी करावा; कारण गरीब त्यांच्याकडे पाहूनच खर्च करितो. ज्या घराचा कर्ता ऊसतोडीस गेला त्याच्या मुलांची शाळा हा मंडळीचा प्रश्न समजावा. अनुवादाच्या चोविसाव्या अध्यायात देवाने आज्ञा केली आहे की, कोणाचे जाते गहाण घेऊ नये, आणि गहाण आणावयास गेलेल्याने ऋणकोच्या घरात न शिरता बाहेर उभे राहावे. ज्याने जात्याचा आणि उंबरठ्याचा विचार केला, त्या देवास बाजारभावाचा विचार परका नाही.

अर्थशास्त्र मनुष्याचे तारण करीत नाही. तारण प्रभूच्या हाती आहे. परंतु ते डोळ्यांवरची धूळ झाडू शकते. धूळ झाडल्यावर समोर दिसतो तो आपला शेजारी, त्याच्या हातातील कागद, आणि त्या कागदामागे उभी असलेली माणसे, ज्यांत केव्हा केव्हा आपणही असतो. इतके दिसल्यावर मग त्याचा न्याय करावयाचा असेल तर करावा. बहुधा तोपर्यंत न्याय करण्याची घाई उरलेली नसेल, आणि त्याच्या घरी जाण्याची झाली असेल.